वहीत नसलेली ऊब

सिरिंजचा गारवा तळव्याला लागला तेव्हा त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गादी उन्हात टाकली होती, आणि ती इतकी वेडीवाकडी टाकली होती की तिच्याखाली माणूस झोपला असावा असं वाटत होतं. तो ते पाहत राहिला. मग गारवा कमी झाल्याचं जाणवलं म्हणून त्यानं खाली पाहिलं. सिरिंज त्याच्या उजव्या मुठीत होती. मूठ मिटलेली होती, पाखराचं पिल्लू धरावं तशी, ना घट्ट ना सैल. आणि ती त्यानं मिटली नव्हती, तिची तीच मिटली होती. शेजारी नवी उभी होती. तिचे डोळे पडद्यावर होते आणि ओठ हलत होते. ती सेकंद मोजत होती. "बर्फातून काढली, नळीत सोडली, चुंबक चालू," ती पुटपुटली. "एवढंच तर आहे, काका. मग मी चुकते कुठे?" त्यानं मूठ उघडली. "कुठंच नाही," तो म्हणाला. "तू बरोबर करतेस." आणि तो बोलला ते अक्षरशः खरं होतं.

नवीला प्रयोगशाळेत येऊन तीन वर्षं झाली होती. तिच्यानंतर कुणी आलंच नाही म्हणून ती नवीच राहिली. लग्न होऊन, एक मूल होऊन, चष्म्याचा नंबर दोनदा बदलूनही नवी. त्याला सगळे काका म्हणत, अगदी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईसुद्धा, आणि बाई त्याच्याहून चार वर्षांनी मोठ्या होत्या. त्याचं काम म्हणजे भिंगं पुसणं, जेल तयार ठेवणं, सशांना हाताळणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वही लिहिणं. काम काय चालतं हे कुणाला सांगायचं झालं तर तो ते शिवणकामासारखं सांगे, कारण पहिल्यांदा ते त्यानं ताईला सांगितलं होतं, आणि ताई शिंपीण होती. नस तुटली आणि मधला तुकडाच गेला, की उरलेली दोन टोकं एकमेकांना शोधत बसतात आणि सापडत नाहीत. म्हणून मधे एक बारीक नळी घालायची. नळीत जेल भरायचं. हे जेल हुशार: गार असलं की पाण्यासारखं वाहतं, अंगाची ऊब लागली की धरतं. आणि जेलमधे भिंगऱ्या. धुळीच्या कणाहून लहान, मळसूत्रासारख्या पिळाच्या, अंगावर लोखंडाचा नावापुरता मुलामा. बाहेर चुंबक फिरवलं की त्या स्वतःभोवती फिरत पुढे सरकतात. पाठीवर नसेला पोसणाऱ्या पेशी घेऊन त्या नळीच्या पार टोकाला जातात आणि त्यांच्या मागोमाग नस वाढत येते. निदान बाईंचं म्हणणं तसं होतं, आणि त्या म्हणण्यावर अकरा वर्षं उभी होती. जेल पातळ आहे तोवरच भिंगऱ्या पोहू शकतात, म्हणून सिरिंज बर्फातून निघाल्यापासून दहा सेकंदांत नळीत गेली पाहिजे, असा नियम होता. तो नियम वहीच्या पहिल्याच पानावर होता, त्याच्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

दहा सेकंद. आणि त्याची मूठ किती वेळ मिटलेली असे? त्याला सांगता येईना. घड्याळाकडे पाहून मिटली असती तर सांगता आलं असतं. सशाला कुशीवर निजवायचं, कानामागे अंगठा फिरवत राहायचं, त्याच्या बरगड्यांची धडधड जराशी बसेपर्यंत थांबायचं, आणि मग सुई. त्या थांबण्यात सिरिंज कुठे असे? मुठीतच असणार. दुसरीकडे कुठे असणार? त्याच्या आठ सशांपैकी सात ससे बरे झाले होते. ससा उचलून हवेत जरासा खाली सोडल्यासारखं केलं की मागच्या पायाची बोटं पंख्यासारखी उलगडतात. नस मेलेली असली तर मिटलेलीच राहतात. त्या सातांची बोटं उलगडली तेव्हा बाईंनी, ज्यांनी आयुष्यात कधी कुणाच्या पाठीवर थाप मारली नसेल, त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. मग नियमाप्रमाणे तोच प्रयोग दुसऱ्या हातानं करून पाहायचा म्हणून नवीनं आठ ससे केले. आठांतला एक. बाकीच्यांचे पाय हवेत ओल्या फडक्यासारखे लोंबत राहिले. "काकांचा हातगुण आहे," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. शास्त्रज्ञांना हातगुण या शब्दाचं हसू येतं, पण ते तो वापरतात. तोही हसला होता. त्याला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं.

संध्याकाळी घरी चालत जाताना त्यानं दोन्ही हात खिशात घातले होते आणि खिशात ते परक्यासारखे वागत होते. उजवा हात किल्ल्यांशी चाळा करत होता. हा हात आपल्याला न विचारता काय काय करत आला असेल, असं त्याच्या मनात आलं. दुकानांच्या काचांत दिवे लागले होते, एका दुकानात एक बाई सारखं तेच कपाट उघडून बंद करून पाहत होती. त्याला वाटलं, वहीत सगळं आहे. बर्फाचं तापमान, खोलीचं तापमान, सशाचं वजन, कुठल्या दिवशी खिडकी उघडी होती तेसुद्धा. चाळीस वर्षं त्याला एकाच गोष्टीचा अभिमान वाटत आला, की आपण शोध लावत नसू, पण आपल्या वहीत खोटं सापडणार नाही. खोटं नव्हतंच. फक्त तो स्वतः त्या वहीत कुठेच नव्हता. आणि मग चौकात, सिग्नल लाल असताना, त्याच्या डोक्यात तो हिशेब पूर्ण झाला, जो तो दुपारपासून पूर्ण होऊ देत नव्हता: मुठीत जेल निम्मं धरत असणार. म्हणजे भिंगऱ्या पोहत टोकाला जात नसणार, वाटेतच ठिकठिकाणी अडकून पडत असणार. आणि तरी ससे बरे झाले. किंवा म्हणूनच झाले. किंवा भिंगऱ्यांचा त्याच्याशी काही संबंधच नसेल. तिन्हींपैकी काहीही असो, दोन महिन्यांनी माणसांवर जे होणार होतं ते चुकीच्या पानावरून होणार होतं. सिग्नल हिरवा झाला. लोक त्याला वळसा घालून पुढे गेले.

दोन महिन्यांनी सहा माणसं. यादीत चौथं नाव ताईचं होतं. तिचे यजमान गेल्यापासून ताई त्याच्याकडे राहत होती, म्हणजे बारा वर्षं. तोवर तो एकटाच होता आणि एकटाच राहणार होता, त्याबद्दल दोघांपैकी कुणीही कधी बोललं नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या दुकानातल्या कपाटाची काच निसटली आणि तिनं ती हातानं झेलली. काच झेलायची नसते हे पोरालाही कळतं. पण आत कुणाच्या तरी लग्नाचे कपडे होते आणि काच त्यांच्यावर पडली असती. मनगटाच्या वर चार बोटं, उजव्या हाताची नस. पहिल्यांदा शिवली ती धरली नाही. आता अंगठा तळव्याच्या बाजूला पडून असे, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना काही कळत नसे. ताईचा अंगठा! कापड चिमटीत धरून नुसतं चोळलं की ती सांगे, दोनदा धुतलं की आटणार, की नाही. गिऱ्हाइकं परीक्षा घ्यायला डोळे बांधायला लावत. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा आता खळगा झाला होता. "दीड वर्ष," डॉक्टर म्हणाले होते. "फार तर दोन. त्यानंतर स्नायू वाळून जातो; नस येऊन पोचली तरी घरात कुणी नसेल."

"तारीख लागली का रे, छोट्या?" दार उघडता उघडता ताईनं विचारलं. ती रोज विचारायची, पण रोज वेगळ्या तऱ्हेनं, जणू आत्ताच आठवलं.

"अजून नाही."

"तुझ्या बाईंना म्हणावं, म्हातारी सरपटत चाललीय स्मशानाकडे, जरा घाई करा."

"तू कसली म्हातारी?"

"मग तू तरुण का? आरशात बघ. बैस, ताट वाढलंय. सांडलंय थोडं, डाव्या हाताचं वाढप आहे."

डाव्या हातात चमचा धरून ती जेवत होती. उजवा हात मांडीवर, पालथा, दुसऱ्याच्या घरून मागून आणलेल्या वस्तूसारखा. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पण मधूनमधून डाव्या हातानं तो जरा सरकवून ठेवत होती, निजलेल्या मुलाचं डोकं उशीवर सरकवावं तसं. तो ताटातला भात नुसता चिवडत होता. तो लहान होता, सात-आठ वर्षांचा, तेव्हा त्याच्या छातीत काहीतरी झालं होतं आणि नव्वद इंजेक्शनं घ्यायची होती, दिवसाआड एक. परिचारिका घरी यायची. औषधाच्या बाटल्या थंड जागी ठेवायच्या असत, आणि गार औषध मांडीत शिरलं की वीतभर आतपर्यंत कुणीतरी बर्फाची काडी फिरवतंय असं वाटे. तो ओरडायचा, पाय झाडायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ताई, जी तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं, परिचारिका यायच्या आधी बाटली मुठीत धरून त्याच्या खाटेवर येऊन बसली. "मी उबवतेय," ती म्हणाली, "कोंबडीसारखी. कोंबडीला हसायचं नसतं." उरलेली सगळी इंजेक्शनं त्यानं न रडता घेतली. ती मूठ त्याला आत्ता ताटापलीकडे दिसत होती, आणि ती मूठच राहिली नव्हती; तो हात आता मिटतच नव्हता.

"काय रे, मीठ कमी आहे का?"

"नाही. बरोबर आहे."

"मग तोंड असं का? कुणी बोललं का तुला?"

"मला कोण बोलणार?"

"तेही खरंच," ती म्हणाली. "तुला बोलून काय मिळणार? भिंतीवर डोकं आपटल्यासारखं."

पुढचे चार दिवस त्यानं एक विचार अंगाखाली घेऊन काढले. तो त्याला सुचला नव्हता, तो आपसूक तिथे होता, जसं पलंगाखाली एखादं मांजर शिरून बसलेलं असतं. माणसांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी सिरिंज हातात द्यायला तोच असणार होता. बाईंनीच ठरवलं होतं: "दुसऱ्या कुणाचा हात नको, काका, तुम्हीच." सहा माणसं, सहा सिरिंजा. बर्फातून काढायची, हातमोज्यातल्या मुठीत धरायची, सर्जननं हात पुढे केला की द्यायची. कुणाला कळणार? हातमोजा पातळ असतो. ससे बरे झाले, माणसंही होतील. ताईचा अंगठा हलेल. वहीत दहा सेकंदच राहतील, पण वही काय कुणाच्या हाताला ऊब देते? असं चाललं की तो भराभर चालायला लागे, जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढे. मग कुठेतरी, एखाद्या पायरीवर, त्याला दुसऱ्या कुठल्याशा शहरातला माणूस दिसे. त्याच्यासारखाच कुणीतरी, भिंगं पुसणारा. त्याच्यासमोर हेच पान उघडलेलं, दोन रेघा मारलेला तोच नियम, आणि तो माणूस नेमकं तेच करतोय, दहा सेकंद, गार, नीट, प्रामाणिकपणे. आणि समोर टेबलावर कुणाची तरी ताई. मग तो जिन्यात उभा राही. पण माणसाला न पाहिलेल्या ताईपेक्षा पाहिलेली ताई जास्त दिसते, त्याला तो तरी काय करणार?

सोमवारी बैठक होती. बाईंनी नवीच्या आठ सशांचे कागद एकाखाली एक ठेवले आणि चष्मा काढला. चष्मा काढला की त्या वाईट बोलतात हे सगळ्यांना माहीत होतं. "मी हे मोजणीत धरणार नाही," त्या म्हणाल्या. "हाताळणीचा दोष असं लिहू. काकांची मालिका शुद्ध आहे, ती पुढे पाठवू. परवानगी देणाऱ्या समितीला तेवढी पुरेशी आहे." मग नवीकडे न बघता: "आणि तू या कामातून थोडी बाजूला हो. काहींचा हात यासाठी नसतो. त्यात कमीपणा नाही." नवी म्हणाली, "बाई, मी पुन्हा एकदा करून..." बाई म्हणाल्या, "वेळ नाही." नवीनं मान हलवली. चारपाच जणांनी आपापल्या वह्यांत पाहिलं. त्यानं समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि पाणी प्यायला, सगळं, सावकाश, जणू पेला रिकामा करणं हे त्याला नेमून दिलेलं काम होतं. पेला खाली ठेवला तेव्हा बैठक संपली होती. आयुष्यात तो अनेकदा गप्प बसला होता, लाजाळू माणसाला ते जमतं, लोक त्याला सभ्यपणा म्हणतात. पण त्या गप्पपणाला अशी चव कधी नव्हती.

दुपारी नवी सशांच्या खोलीत त्याच्याकडे आली. हातात एक कागद होता. "काका, हे तुमच्याकडे ठेवा. माझ्या सशांचं आहे. तीन नंबर ओला पाला खात नाही, सुकवून द्यावा लागतो. सहा नंबरला पाठीमागून उचललं की घाबरतो." तो कागद घेईना, म्हणून तिनं तो पिंजऱ्यावर ठेवला. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "माझी आई म्हणायची, हिच्या हातचं झाडसुद्धा जगत नाही. मी चिडायचे. शिकलेली ना मी! पण काका, तुम्हीच बघताय. काही हातांना यशच नसतं." तिनं स्वतःचे हात पुढे करून पाहिले, उलटसुलट, बाजारात एखादी वस्तू पाहावी तसे. लहान, कोरडे, नखं कापलेली बोटं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला सोसलं असतं. राग नव्हता. तिनं मानलं होतं. एक शिकलेली, हुशार, तीस वर्षांची बाई त्याच्यासमोर उभी राहून स्वतःच्या हातांना अपशकुनी मानत होती, आणि ते खोटं आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. "तू इथेच थांब," तो म्हणाला. "दहा मिनिटं. घरी जाऊ नकोस." आणि तो बाईंच्या खोलीकडे निघाला. वाटेत त्यानं ताईचा विचार केला नाही. पुढे कितीतरी दिवस त्याला हेच टोचत राहिलं, की त्या चाळीस पावलांत त्याच्या मनात ताई आलीच नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना समजायला दोन वाक्यं पुरली, पण तो अडखळत, मागेपुढे करत, माफी मागत दहा वाक्यं बोलला. "पण का?" त्यांनी विचारलं. "मुठीत का धरत होतात?"

"गार टोचलं की दुखतं."

"सशांना भूल दिलेली असते, काका."

"हो," तो म्हणाला.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, एक बारीक तापमापक घेऊन आल्या, नवीला हाक मारली. मग त्या तिघांनी ते केलं जे आधी करायला हवं होतं. बर्फातून सिरिंज काढायची, त्याच्या हातात द्यायची, तापमापकाची तार तिच्यासोबत मुठीत, आणि तो सशाला निजवल्यासारखं करून थांबणार, नेहमी थांबतो तेवढं. "विचार करू नका," बाई म्हणत होत्या, "नेहमीसारखं करा." पण नेहमीसारखं करायला सांगितलं की माणसाला नेहमीसारखं येत नाही. समोर टेबलावर ससा नव्हता, एक घडी केलेलं फडकं होतं. तो फडक्याच्या कानामागे अंगठा फिरवत राहिला. नवी आकडे वाचत होती. पाचवर, अकरावर, एकोणीस, चोवीस. पाच वेळा केलं, पाचही वेळा वेगळं. मग बाईंनी मुठीत धरून पाहिलं, मग नवीनं. बाईंची मूठ गार होती, सिरिंज जेमतेम पंधरावर गेली. नवीच्या मुठीत ती त्याच्याहूनही लवकर तापली. नवी त्या आकड्याकडे बघत राहिली, मग पाठमोरी झाली आणि तिनं उगाचच नळ सोडला. "म्हणजे," बाई खुर्चीवर बसत म्हणाल्या, आणि एकाएकी त्या खरोखरच म्हाताऱ्या दिसल्या, "आपण काय शोधलंय हेच आपल्याला माहीत नाही. अकरा वर्षांनी." मग कागद ओढून त्या मोजायला लागल्या. प्रत्येक तापमानाला आठ ससे. नसेला वाढायला चार महिने. पुन्हा समिती. "वर्ष तरी. चौदा महिने धरा." आकडा बोलल्यावर त्यांनी चष्मा काढला. "काका, यादीत तुमच्या बहिणीचं..."

"हो."

"त्यांच्याशी बोललात?"

"नाही."

त्यांनी पुन्हा चष्मा घातला.

घरी ताई खिडकीशी बसून डाव्या हातानं बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत होती. दुकान बंद झालं तरी बटणांचे डबे तिनं ठेवले होते. त्यानं चप्पल काढली, हातपाय धुतले, पाणी प्यायला, आणि मग उभ्यानंच सांगितलं. ती ऐकताना बटणं वेचत राहिली. पांढरी इकडे, काळी तिकडे. त्यानं सगळं सांगितलं, फक्त यादी म्हणाला नाही, पण तिला ते न सांगताच पोचलं.

"मुठीत धरायचास?" ती म्हणाली.

"हो."

"सशांना गार लागू नये म्हणून?"

"हो."

तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा डब्यात. "त्या पोरीचं चांगलं झालं," ती म्हणाली. "पदरी नसतं पाप आलं असतं तिच्या." आणि थोड्या वेळानं, आवाज मुळीच न चढवता: "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, ताई?"

"तेच तर. मला म्हणू द्यायचं होतंस."

तो खाली बसला. त्याला वाटलं, आपण काहीतरी मोठं, खरं केलं असं जे वाटत होतं, ते इथे या खोलीत किती लहान दिसतंय. ती कदाचित म्हणाली असती, जा सांग. कदाचित म्हणाली असती, गप्प बस, माझा हात आहे. दोन्ही उत्तरं तिची होती, आणि त्यानं ती दोन्ही काढून घेतली होती. "मला वाटलं," तो म्हणाला आणि थांबला, कारण त्याला काही वाटलंच नव्हतं. ताईनं डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न केला. एका हातानं झाकण लागत नव्हतं. तो मदतीला उठला तसं तिनं डबा छातीशी धरला. "राहू दे."

तीन दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. दूध आलंय. दार लाव. चौथ्या दिवशी सकाळी तिनं कपाटातून एक घडी केलेला कागद काढून त्याच्यापुढे टाकला. रुग्णालयाचा होता, दहा महिन्यांपूर्वीचा. त्यावर सर्जननं हाताचं चित्र काढलं होतं. अनामिकेच्या स्नायूची एक दोरी सोडवून घ्यायची आणि ती अंगठ्याला बांधायची. अंगठा पुन्हा पुढे येईल, चिमटी जमेल. नस मात्र तशीच मेलेली राहील. आणि खाली लिहिलं होतं, ही शस्त्रक्रिया केल्यास प्रयोगात भाग घेता येणार नाही. त्याखाली: रुग्णास मान्य नाही.

"हे केव्हा..." त्यानं कागदावरची तारीख पुन्हा वाचली. "मला बोलली नाहीस."

"कशी बोलणार? तू रोज घरी येऊन उड्या मारायचास. आज तीन नंबरच्या सशाचा पाय उलगडला, आज पाच नंबरचा. जन्मात तुला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं." ती खिडकीबाहेर पाहत होती. "म्हटलं, थांबू या. पोराचा एवढा जीव आहे तर थांबू या."

दहा महिने. दहा महिन्यांपूर्वी तिला चिमटी मिळाली असती. ती दुकानात बसली असती, वाकडंतिकडं का होईना कापड धरलं असतं. ती वाट पाहत होती ती हाताची नव्हे, निदान नुसती हाताची नव्हे, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला तिच्याकडे बघवेना. त्यानं कागदाकडे पाहिलं. सर्जननं चित्र चांगलं काढलं होतं.

त्याच आठवड्यात दोघं रुग्णालयात गेली. सर्जन तरुण होता, बोलका होता. त्यानं ताईचा उजवा हात उशीवर ठेवला आणि पेनानं तळव्यावर रेघ ओढली, कुठे कापायचं ती. ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. "ओढा ना रेघ," ती म्हणाली. "ओढली केव्हाच, मावशी," सर्जन म्हणाला. तिनं खाली पाहिलं. अंगठ्याच्या बुडाशी निळी रेघ होती.

"चिमटीत धरता येईल म्हणालात."

"येईल. दीड-दोन महिन्यांत."

"पण काय धरलंय ते कळणार नाही."

"बोटांना नाही कळणार. डोळ्यांनी बघून धरायचं. सवय होते."

"रेशीम असलं तरी?"

सर्जननं क्षणभर विचार केला. बरा माणूस होता. "रेशीम असलं तरी," तो म्हणाला.

ताईनं मान डोलावली, जणू कापडाचा भाव ऐकला आणि तो परवडणारा नसला तरी घ्यायचं ठरवलं. परिचारिकेनं कागद पुढे सरकवला. रुग्णाची सही. इतके दिवस ती अंगठाच उठवायची, तोही डावा. आज तिनं पेन मागितलं. डाव्या हातात ते मुठीसारखं धरून, जीभ दातांत पकडून तिनं आपलं नाव लिहिलं. एकेक अक्षर वेगळं, वर-खाली, शेवटचं चौकटीबाहेर गेलेलं. लिहून झाल्यावर तिनं कागद लांब धरून पाहिला. "पहिलीतल्या पोरीसारखं आलंय. चालेल?" परिचारिका म्हणाली, "चालेल की." मग त्याच्याकडे कागद आला. नातेवाइकाची सही, नातं. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: धाकटा भाऊ. पेन खाली ठेवलं. बाहेरच्या बाकावर कुणाचं तरी बाळ रडत होतं आणि त्याचा बाप त्याला खिडकीतली वाहनं दाखवत होता.

"छोट्या," ताईनं विचारलं, "ती यादी कोण ठेवतं तुमच्याकडे?"

"मीच."

"म्हणजे माझं नाव तूच खोडणार."

त्यानं मान हलवली. तिनं उजवा हात डाव्या हातानं उचलून पदराखाली घेतला आणि ती उठली.

"मग नीट खोड," ती म्हणाली. "पट्टी लावून. गिचमिड करू नकोस."